बदलू नये असं माझं मत

मिरजेच्या त्या धर्मादाय दवाखान्यात क्षयाच्या रुग्णांचा वेगळा वॉर्ड होता आणि वॉर्डाच्या टोकाला, औषधांच्या कोठीला लागून, निमिष वाटवेची खोली होती. शहाण्णव साली त्यानं त्या खोलीत एक मशीन उभं केलं. सॉफ्टवेअर विकत घेणं संस्थेला परवडणारं नव्हतं, म्हणून त्यानं लिनक्स घेतलं. लिनक्स फुकट मिळतं, पण वेगवेगळे लोक ते आपापल्या पद्धतीनं बांधून देतात. निमिषकडे होती ती बांधणी स्लॅकवेअरची. एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर सीडी आली होती. त्यात काही आयतं नसे. प्रत्येक फाईल हातानं लिहायची, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि चुकलं तर मशीन गप्प. निमिषला ते गप्प राहणंच आवडलं होतं.

मशीनचं काम साधं होतं. क्षयाचं औषध सहा महिने घ्यावं लागतं. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडची माणसं पंधरा दिवसांनी येऊन गोळ्या घेऊन जात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं, आणि माणसाला वाटतं, झालो बरा. तिथून पुढं ती यायची बंद होतात. दर सोमवारी मशीन अशा न आलेल्यांची यादी छापायचं आणि दवाखान्याचा माणूस सायकल एसटीच्या टपावर टाकून त्यांच्या गावी जायचा. समजावून, प्रसंगी भांडून, त्यांना परत आणायचा. पूर्वी हे काम आठशे कार्डं चाळून व्हायचं, म्हणजे बहुतेक वेळा व्हायचंच नाही.

निमिषच्या हाताखाली जयराज सूर्यवंशी होता. हाताखाली म्हणायचं इतकंच. वयानं तो निमिषपेक्षा सहा वर्षांनी मोठा. तासगावजवळच्या गावचा, सतरा वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढून हवालदार म्हणून परत आलेला. घरी भावांच्या बरोबर थोडी द्राक्षबाग होती, पण त्याचं मन तारांत आणि मशीनमध्ये रमायचं.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात जयराजनं रेड हॅटची सीडी आणली. ‘‘सायेब, ह्ये बगा. आपल्या त्येच लिनक्सचं दुसरं बिऱ्हाड. पण ह्यात चित्रं हायेत, माउस हाय. शिस्टरास्नी काय पाठ करायला लागणार न्हाई. डिस्कवर काय करायचं झालं तर मशीनच इचारतंय, खात्री हाय का म्हणून.’’

‘‘बघतो,’’ निमिष म्हणाला.

संस्थेचे सचिव विष्णुपंत लिमये तेव्हा दोन हजार सालाच्या धास्तीत होते. तारखा बदलल्या की कॉम्प्युटर बंद पडणार असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांनी दोघांना बोलावलं. ‘‘मला त्यातलं काही कळत नाही. वाटवे, तुम्ही लेखी मत द्या. आहे तेच ठेवायचं की नवीन घ्यायचं. तुम्ही म्हणाल तसं करू.’’

निमिषनं सीडी घरी नेली. सांगलीत विश्रामबागेत तो आणि त्याची बायको अबोली राहत. ती शाळेत शिकवायची. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं घरच्या मशीनवर नवं लिनक्स चढवलं. निळा पडदा आला, त्यावर लहान लहान चित्रं. निमिषनं माउस हलवला आणि बाण शोधू लागला. त्याला बाण सापडेना. त्यानं माउस जोरात इकडून तिकडे फिरवला. नजरेसमोरून काहीतरी पांढरं झर्रकन गेलं आणि पुन्हा हरवलं.

अबोली मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘‘वर आहे अरे. उजवीकडे.’’

त्यानं वर पाहिलं, तोवर हात हलला आणि बाण खाली गेला.

‘‘आता खाली आला. तिथेच तर आहे, निमिष.’’

‘‘दिसतोय मला,’’ तो म्हणाला आणि मशीन बंद केलं. अबोलीच्या हातातली घडी तशीच राहिली.

त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता, हे त्याला पाच वर्षं ठाऊक होतं. आधी रात्रीचं दिसणं गेलं. मग कडा आत येऊ लागल्या. आता तो जग पाइपमधून पाहिल्यासारखं पाहत होता. जेवढ्या तुकड्यावर नजर धरली तेवढाच तुकडा होता, बाकी काही नव्हतं, आणि त्या तुकड्यातही अलीकडे धूसर व्हायला लागलं होतं. स्कूटर त्यानं ‘पेट्रोल परवडत नाही’ म्हणून विकली होती. अबोलीला त्यानं चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं होतं. तिनं पुढं विचारलं नव्हतं, कारण साताऱ्याला त्याच्या दिनकरमामाला तिनं पाहिलं होतं.

मामाचंही असंच झालं होतं. पण पुरता आंधळा झाल्यावरही शनिवार पेठेतल्या घरात तो काठीशिवाय फिरायचा. पाणी भरायचा, स्टो पेटवून चहा टाकायचा. मग घरमालकानं जागा मागितली आणि सगळे शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात दाराची कड कपाळाला लागून चार टाके पडले. त्यानंतर मामा खाटेवरून फारसा उठला नाही. निमिषची आई शकुंतला अजून म्हणते, ‘‘दिनूला डोळ्यांनी नाही, त्या घरानं मारलं.’’

स्लॅकवेअरमध्ये निमिषला बघावं लागत नव्हतं. कुठली फाईल कुठे, कितव्या ओळीत काय, हे बोटांना माहीत होतं. पडद्यावर एका वेळी एक ओळ वाचली तरी भागायचं. नव्यात सगळ्याच्या जागा बदललेल्या होत्या, आणि ज्या चित्रांनी सिस्टरांचं काम सोपं होणार होतं, ती त्याला एकत्र कधीच दिसणार नव्हती.

मत लिहायला त्याला नऊ दिवस लागले. दोन पानं झाली. मशीनची मेमरी कमी आहे, चित्रांच्या ओझ्यानं ते रखडेल. तीन वर्षांत आहे ती सिस्टिम एकदाही बंद पडलेली नाही. दोन हजार सालाची चाचणी घेतली आहे, अडचण नाही. शेवटी लिहिलं, ‘सबब, बदलू नये असं माझं मत आहे. रुग्णांची नोंद वाढल्यामुळे फक्त एक नवी डिस्क घ्यावी.’ त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

जयराजनं ते वाचलं. ‘‘मेमरी तर वाडवता येतीया की, सायेब.’’

‘‘माझं मत दिलंय मी.’’

‘‘ठीक हाय.’’ फौजेत शिकलेल्या माणसासारखा त्यानं वाद तिथेच सोडला.

नवी डिस्क दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आली. जयराजच्या बागेत फळछाटणी सुरू झाली होती आणि त्याला तीन दिवस रजा हवी होती. जाण्यापूर्वी त्यानं डिस्क मशीनमध्ये जोडली. त्यात तारांची अदलाबदल होऊन जुनीचंही मशीनमधलं नाव बदललं, म्हणून त्यानं पेन्सिलीनं एक चिठ्ठी लिहून पेटीवर चिकटवली: जुनीचं नाव काय, नवीचं काय. ‘‘मी सोमवारी आलो की दोगं मिळून करू,’’ तो म्हणाला. ‘‘जुनीत जूनपासनंचं सगळं हाय, आन् त्येची नक्कल कुटंच न्हाई.’’ नक्कल ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणूनच तर नवी डिस्क.

निमिष सोमवारपर्यंत थांबला नाही. गुरुवारी सकाळी, चौदा ऑक्टोबरला, त्यानं काम हातात घेतलं. जयराज येईल तेव्हा सगळं तयार असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. अजून आपल्याला जमतं, हे कुणालातरी दिसायला हवं होतं.

नवी डिस्क वापरण्याआधी ती पुसून आखून घ्यावी लागते. त्यासाठी तिचं नाव अचूक द्यायचं. दोन्ही नावांत फरक शेवटच्या अक्षराचा: लहान इंग्रजी बी आणि लहान इंग्रजी डी. एकाचं पोट उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे. निमिषनं चिठ्ठी काढून खिडकीशी नेली. पेन्सिलीची फिकट रेघ उजेडात आणखीच विरली. ‘नवी’ हा शब्द त्याला कळला. पुढचं अक्षर त्यानं जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

टेबलापलीकडे वॉर्डाच्या सिस्टर मार्था सुया मोजत बसल्या होत्या. ‘‘सिस्टर, हे काय लिहिलंय?’’ इतकं विचारलं की झालं असतं. ते न विचारता डिस्क उघडून आत काय आहे तेही बघता आलं असतं. पण आतल्या फाइलींच्या यादीतून नजर फिरवायला त्याला दहा मिनिटं लागली असती, पडद्याला नाक लावून, आणि सिस्टर समोर होत्या.

‘बी’ असणार, असं त्यानं ठरवलं. त्यानं हुकूम टाइप केला. मशीननं काही विचारलं नाही. आकडे सरकत गेले. काम लवकर आटोपलं. नवी डिस्क दुप्पट मोठी होती, इतक्या लवकर होणं शक्य नव्हतं. त्यानं मशीन पुन्हा चालू केलं आणि रुग्णांची नोंद उघडायला सांगितली. मशीननं एक ओळ दाखवली. ती त्यानं पाच वेळा वाचली. अशी फाईल नाही.

विष्णुपंतांना त्यानं त्या दिवशी सांगितलं, जुनी डिस्क बिघडली.

सोमवारी जयराज आला. तासभर मशीनपुढे बसला आणि मग खुर्ची वळवून म्हणाला, ‘‘सायेब, डिस्क ठणठणीत हाय. कुणीतरी पुसलीया.’’

निमिषनं चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. ‘‘तुमचं अक्षर कळलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पेन्सिलीनं लिहायचं का असलं काही?’’

जयराजनं चिठ्ठी उचलली, पाहिली, परत ठेवली. दुपारी विष्णुपंतांपुढे तो हात मागे बांधून उभा राहिला. ‘‘चिठ्ठी मी पेन्सिलीनं लिवली. रजेवर मी ग्येलो. चूक माजी.’’ त्याला लेखी ताकीद मिळाली. निमिष शेजारच्या खुर्चीत बसला होता, आणि बसूनच राहिला.

जूनमधली नक्कल चढवून पुढचं सगळं कार्डांवरून पुन्हा भरायला घेतलं. जयराज आणि सिस्टर मार्था भरत, निमिष ‘तपासायचा’. मध्ये दिवाळी आली. सात आठवडे सोमवारची यादी निघाली नाही. सायकलवाला माणूस वॉर्डाच्या पायरीवर बसून राही आणि दर सोमवारी एकदा आत डोकावून विचारी, ‘‘आज बी न्हाई व्हय?’’

चार डिसेंबरला कवठेमहांकाळकडून एका बाईला जीपमधून आणलं. नाव हरणाबाई, वय एकतीस. दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत खुरपायला जायची. लुगड्याचा पदर रक्तानं कडक झाला होता. पाच दिवसांनी ती गेली. वॉर्डात माणसं जात. निमिषनं नाव ऐकलं आणि त्याला त्या नावाचं काही वाटलं नाही.

आठवड्यानं तिचा नवरा आला. नानासो त्याचं नाव. धोतर, वर जुनं स्वेटर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ग्रामपंचायतीत द्यायला दवाखान्याचा कागद हवा होता. जयराज बँकेत गेला होता. निमिषनं त्याला समोर बसवलं आणि बाईचं नाव टाइप केलं. पडद्यावर तिचा तक्ता आला: तारखा, गोळ्या, वजन. हे चौकोन जयराजनं नव्यानं आखले होते, दाटीवाटीनं. निमिषची नजर एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना वाट चुकत होती.

‘‘काय म्हंतंय त्ये?’’ नानासोनं विचारलं. ‘‘मला वाचाय येत न्हाई, सायेब.’’

निमिष पडद्याकडे बघत राहिला. समोरचा माणूस पिशवी मांडीवर धरून वाट बघत होता.

‘‘सिस्टर,’’ निमिषनं हाक मारली. सिस्टर मार्था दारात आल्या. ‘‘एवढं वाचून दाखवा. मला दिसत नाही.’’

त्यांना वाटलं, चष्मा विसरला असेल. त्यांनी वाकून वाचलं. ‘‘हरणाबाई नानासो. सुरुवात पाच जुलै. वजन चौतीस.’’ मग तारखा. ऑगस्टमध्ये एक खाडा. शेवटच्या गोळ्या सत्तावीस सप्टेंबर, वजन एकोणचाळीस. पुढे मोकळं.

‘‘ऑगस्टात बी चुकलं हुतं तिचं,’’ नानासो म्हणाला. ‘‘तवा तुमचा सायकलवाला मानूस आलता. लय वरडला. लगी दुसऱ्या दिशी आणली तिला. ह्या बारीला मी म्हनत हुतो, चल, तर म्हनायची, आता बरं हाय की, रोज बुडतोय. दवाखान्याचं मानूस आलं की जाऊ. आमी वाट बगितली. आलंच न्हाई कुणी.’’ त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला नाही, असं सांगावं तसं तो सांगत होता. मग त्यानं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. ‘‘ह्या उरल्या. कुणाला तरी हुतील.’’

निमिषनं मनात मोजलं. गोळ्या संपायची तारीख अकरा ऑक्टोबर. एक आठवड्याची सवलत. तिचं नाव अठरा ऑक्टोबरच्या यादीत आलं असतं.

जयराज परत आला तेव्हा निमिष तसाच बसला होता. दार लावून घेऊन त्यानं सगळं सांगितलं: डोळे, मामा, रविवारचा बाण, नऊ दिवस लिहिलेलं मत, खिडकीशी धरलेली चिठ्ठी. सांगताना तो जयराजच्या तोंडाकडे बघत होता, पण त्याला एका वेळी एकतर डोळे दिसत होते नाहीतर ओठ.

‘‘कवापासनं?’’ जयराजनं विचारलं.

‘‘पाच वर्षं.’’

‘‘मला वाटलं हुतंच थोडं. दाराला धडकायचात. पन मानूस सांगत न्हाई म्हंजे झेपत आसंल, असं धरलं.’’ तो खुर्चीत बसला. ‘‘आमच्या युनिटात एका ड्रायव्हरची नजर ग्येली. त्यानं सोता जाऊन सांगितलं. खाली उतरावला, लंगरवर घातला. चौदा वरसं चपात्या केल्या त्यानं, पन ट्रकमागं बसल्याली पोरं जित्ती ऱ्हायली. तुमी सांगितलं न्हाई, सायेब. वर माजं अक्षर काढलंत.’’

‘‘तिच्या नवऱ्याला जाऊन सांगतो मी.’’

‘‘कशापायी?’’ जयराजचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘तुमाला हलकं वाटावं म्हनून? त्येनं आता काय करायचं त्ये ऐकून? बायको मरायला नगं हुती, ह्ये वज्जं घ्येऊन त्यानं खुरपायला जायचं? न्हाई. त्ये तुमीच वागवा.’’

घरी त्यानं अबोलीला सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, ‘‘डोळ्यांचं मला माहीत आहे.’’ मग त्यानं हरणाबाईचं सांगितलं. अबोली उठून स्वयंपाकघरात गेली. कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या तरी तिनं गॅस बंद केला नाही. बाहेर आली तेव्हा तिनं कागद आणि पेन आणलं होतं. ‘‘सांग. मी लिहिते.’’

हे दुसरं मत पाऊण पान झालं. त्यात मेमरीचं काही नव्हतं. पहिलं मत मी माझ्या सोयीसाठी दिलं, असं होतं. डिस्क मी पुसली, सूर्यवंशींची चूक नाही, त्यांची ताकीद मागे घ्यावी, असं होतं. न निघालेल्या सात याद्या आणि हरणाबाईचं नाव होतं. सिस्टिम बदलावी आणि तिचा ताबा सूर्यवंशींकडे द्यावा, असं शेवटी होतं. विष्णुपंतांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि बाईच्या नावाचं वाक्य तेवढं खोडायला सांगितलं. ‘‘हे कागदावर राहिलं तर संस्था अडचणीत येईल, वाटवे. आणि ती त्यामुळेच गेली, असं कोण सांगणार?’’

‘‘कोणी नाही,’’ निमिष म्हणाला. ते वाक्य त्यानं खोडलं नाही. विष्णुपंतांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. ताकीद मात्र दुसऱ्या दिवशी रद्द झाली, आणि त्या मताबरोबरच निमिषनं दिलेला राजीनामाही मंजूर झाला.

सव्वीस डिसेंबरला, रविवारी, जयराजनं मशीनवर रेड हॅट चढवलं. मेमरी वाढवली होती. निमिषला यायला सांगितलं होतं, कारण जुन्या फाइली कुठे काय होत्या हे त्यालाच माहीत होतं. तो स्टुलावर बसून तोंडी सांगत होता आणि जयराज करत होता. जुनं पुसायच्या आधी पडद्यावर प्रश्न आला. जयराजनं मोठ्यानं वाचला नाही. सिस्टर मार्थांना बोलावून त्यांच्याकडून डिस्कचं नाव वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, आणि बटण दाबलं. निमिषनं तीन वर्षं हातानं लिहिलेल्या फाइली गेल्या. चहाला दोघे बाहेर आले तेव्हा जयराजनं त्याला पायरी आहे म्हणून सांगितलं, पण हात धरला नाही.

बुधवारी अबोली त्याला साताऱ्याला घेऊन गेली. अपंगांचे दाखले देणारी समिती तिथं बसत होती. साताऱ्यातल्या आईच्या रेशनकार्डावर, तिथल्याच पत्त्यावर अर्ज केला होता. बाकावर त्यांच्याआधी मेढ्याकडचा एक म्हातारा आणि भाजलेला हात घेऊन एक बाई होती. दुपारी दोनला आत बोलावलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले, बोटं मोजायला लावली, बाजूनं पेन आणत विचारलं, ‘‘दिसलं की सांगा.’’ पेन नाकासमोर येईपर्यंत निमिष काही बोलला नाही.

‘‘काम काय करता?’’

‘‘करत नाही,’’ निमिष म्हणाला.

डॉक्टरांनी लिहिलं आणि फॉर्म पुढं सरकवला. सहीची रेघ फिकट छापलेली होती. अबोलीनं त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं, आणि त्यानं सही केली. ती रेघेच्या बरीच वर गेली. चालेल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.